पेटीत पंच्याऐंशी अंश

चंद्रभागाकाकीच्या पडवीतली अंडी उबवायची पेटी अक्षदानेच उभी केली होती. महाडला कॉम्प्युटरचा डिप्लोमा, मग ठाण्यात प्रोग्रामरची नोकरी, आणि कंपनीने माणसं कमी केली तेव्हा कशेडी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत परत, असा तिचा प्रवास. काकीच्या गावठी कोंबड्या होत्या. अक्षदाने काचेची खिडकी असलेली थर्माकोलची पेटी, बल्ब, तापमान मोजणारा सेन्सर आणि जुना लॅपटॉप जोडला. आत गरम झालं की प्रोग्राम बल्ब बंद करी, गार झालं की लावी.

पहिल्या खेपेची पिल्लं कवचातच मेली. बल्ब मध्येच विझायचा, कारण सापडत नव्हतं. तरी दुसऱ्या खेपेला शेजारच्या साळूबाईनेही आपली अंडी आणून दिली, आणि दोन दिवसांत पेटी पुन्हा गार पडायला लागली.

"साळूबाईला काय सांगू गो मी?" काकी म्हणाली.

अक्षदाने लॅपटॉप उघडला. तिने बल्ब बंद करणाऱ्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला. प्रोग्राम तिथं आला की जागीच थांबणार, आणि त्याला तेव्हा किती तापमान दिसतंय ते तिला वाचता येणार. तो थांबला. अडतीस. बरोबर होतं. तिने पुढे सोडला. पुन्हा थांबला, पुन्हा अडतीस. चहा निवून गेला तरी तिची नजर पडद्यावरून हलेना.

मग एकदा आकडा आला, पंच्याऐंशी.

पेटीत पंच्याऐंशी अंश असते तर अंडी उकडून निघाली असती! म्हणजे सेन्सर खोटं सांगत होता, आणि त्यावर विसंबून प्रोग्राम बल्ब विझवत होता. हा आकडा तिने कुठंतरी वाचला होता. वीज तुटून परत आली की हा सेन्सर आधी तोच दाखवतो. ती वायर चाचपू लागली, एकेक जोड हलवून बघू लागली. एक टोक खरंच सैल लागलं.

"अक्षदा! काचेला घाम फुटलाय बघ!"

तिच्या हातातली वायर सुटली. प्रोग्राम अजून त्या ओळीवरच थांबलेला होता. बल्ब बंद करायचा हुकूम पुढच्या पावलावर होता, आणि ते पाऊल तिनेच अडवलं होतं. बल्ब मघापासून जळत होता. तिने प्लग उपटला, झाकण फेकलं. आतलं काचेचं थर्मामीटर चाळीस अंशांच्या वर गेलं होतं.

"मेली काय गो सगळी?"

"नाय माहीत, काकी."

तिने सैल जोड डाख देऊन पक्का केला. अशक्य आकडा आला तर तो सोडून द्यायचा, असं प्रोग्राममध्ये लिहिलं. अंडी आत असताना ब्रेकपॉइंट लावायचा नाही, एवढं ठरवलं. लागेल तेव्हा आकडे फाइलमध्ये उतरवून घ्यायचे. पण त्या अंड्यांचं काय झालं ते कळायला वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. रोज ती एकेक अंडं टॉर्चवर धरी. आत जिवंत गर्भाच्या लाल शिरा दिसल्या की ते अलगद परत ठेवी, नुसता काळा डाग दिसला की पुन्हा पुन्हा फिरवून बघे.

शेवटी निम्म्याहून थोड्या जास्त अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. उरलेली आधीच्या गारठ्याने गेली की तिच्या हातून, ते कोण सांगणार? अक्षदा साळूबाईच्या वाट्याची पिल्लं टोपलीत घालून तिच्याकडे गेली आणि तिने घडलं ते सगळं सांगितलं. साळूबाईने ओल्या पिल्लांची टोपली ओढून घेतली, एक पिल्लू तळहातावर उभं करून बघितलं.

"ह्याचा पाय वाकडा हाय," ती म्हणाली. "चालंल काय गो?"