एकच कप

गावच्या हॉटेलात चहा पिताना, बाहेर खुंटीला टांगलेला कान तुटलेला कप कोणासाठी असतो, हे तुम्ही कधी विचारलं आहे?

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. धामणगाव बढ्याच्या फाट्यावर माझ्या मामाचं आलूबोंड्याचं हॉटेल होतं. अस्पृश्यता मिटवा म्हणणारी पत्रकं वाचून वाचून माझं डोकं तापलेलं. मी सुट्टीत बुलढाण्याहून आले, रॉकेलचा डबा ठोकून सपाट केला आणि त्यावर लाल रंगात लिहिलं : ‘सर्वांना एकच कप’. मामानं कौतुकानं पाटी टांगली.

मोटार थांबली. ड्रायव्हर ओरडला, "काऊन हो मामा, अख्ख्या मोटारीले एकच कप? मंग माहा नंबर कवा लागन?"

सगळे हसले, मीही. पण गावातल्या एका बड्या शेतकऱ्याला अर्थ बरोबर कळला होता. चहा न पिताच तो मामाला म्हणाला, "बाजाराच्या दिवसापर्यंत पाटी उतरव. छप्पर पेटलं तं मंग मले सांगू नको."

मामाचं घर त्या एका चुलीवर चालायचं. छप्पर तुराट्यांचं, उन्हानं कडकडीत वाळलेलं. पुढचे चार दिवस रस्त्यावर धूळ उठली की कढईतला त्याचा झारा थांबे. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. पाटी माझी होती, छप्पर त्याचं.

बाजाराच्या सकाळी तो हळूच म्हणाला, "काढ, पोरी."

मी स्टुलावर चढले. समोर तो शेतकरी येऊन उभा होता. तेवढ्यात खडी फोडणारा एक मजूर आला. पाटी लागल्यापासून तो आतल्या कपात चहा पीत होता; धमकी त्याच्याही कानावर गेली होती. आज त्यानं बाहेरच्या खुंटीवर अजून टांगलेला तो कान तुटलेला कप काढला आणि लांबूनच म्हणाला, "याच्यातच द्या, मालक. तुमचं छप्पर राहू द्या."

मामानं तो कप घेतला, चहा ओतला आणि स्वतःच तोंडाला लावला. घाईत अर्धा चहा सदऱ्यावर सांडला.

"घ्या, मी बी बाटलो," तो म्हणाला. "पाटी राहू दे, पोरी."

शेतकरी फक्त एकदा छपराकडे बघून निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. छप्पर उभंच राहिलं, पण मामा पुन्हा कधी रस्त्याकडे पाठ करून बसला नाही आणि चुलीशी पाण्याच्या दोन घागरी कायम भरलेल्या असत.

तुमच्या फाट्यावर तसा कप अजून टांगलेला असेल. उद्या गेलात की सगळ्यांदेखत त्याच कपात चहा मागा. हॉटेलवाल्याला एकट्याला भिऊ देऊ नका.