डाव्या चाकाचा आवाज

आज झालाना भागातल्या स्पीडब्रेकरवर पुढच्या चाकाखालून खट्‌ असा आवाज आला आणि कित्येक वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली. तेव्हाही आत बसून नेमकं काय वाजतंय ते कळेना, म्हणून मी गाडी याच रस्त्यावर अगदी हळू चालवत होतो. सुमन निऱ्या सावरत, वाकून, चाकाशेजारून चालत होती.

“अहो, माझ्या बाजूचं वाजतंय!”

“तुझीच बाजू नेहमी कुरकुरते.”

ती इतकी हसली की पुढचा आवाज ऐकायचाच राहिला. पुन्हा फेरी मारावी लागली. तेव्हा ती फेरी मला फुकट गेल्यासारखी वाटली होती.

सुमन गेल्या हिवाळ्यात गेली. मघाशी गॅरेजमधला मिस्त्री म्हणाला, “साहब, किसी को साथ लाइए, बाहर चलकर सुन लेगा.”

मी डावीकडची काच खाली केली आणि गाडी तशीच घरी आणली.