कुणाकडं चाललाव?

नांदेडहून लातूरला सायकलवर निघालो होतो, निव्वळ हौस म्हणून. अहमदपूरच्या अलीकडं एका फाट्यावर पाणी प्यायला थांबलो. पारावरच्या म्हाताऱ्यानं माझं हेल्मेट, आखूड चड्डी, बारीक चाकं सावकाश बघून घेतली.

"कुणाकडं चाललाव?"

"कुणाकडंच नाही. नुसतंच लातूरला जाऊन यायचंय."

"सोयरे? दवाखाना? कोर्ट?"

"काहीच नाही हो."

वाईट बातमी ऐकल्यासारखी त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कुणाकडंच न्हाई म्हणल्यावर वाट सरंल कशी?"

मग उठला, घरातून एक भोपळा आणला आणि माझ्या सायकलच्या दांडीला सुतळीनं करकचून बांधला. वजन वाचवायला मी टूथब्रशसुद्धा अर्धा कापून आणला होता!

"लेक हाय अहमदपुरात. देऊन मग जावा पुढं." लगेच फोन लावला, "माय, पावणे निघालेत. भाकरी टाक."

पुढचा चढ मी भोपळ्याला शिव्या देत चढलो. लेकीनं पोटभर जेवू घातलं आणि उठताना लोणच्याची बरणी पुढं केली. "माघारी जाताना बाबाला द्या."

लातूर अजून राहिलंच आहे. अहमदपूरला मात्र तीनदा जाऊन आलो.