गायीने खाल्लेलं विमान

विमान आमच्या खाचरात पडलं तेव्हा मला सासरी येऊन वर्षही झालं नव्हतं. भाताची कापणी झालेली, शेतं उघडी. भर दुपारी ते खालापूरच्या बाजूने घरघरत आलं, बांधाला अडखळलं आणि नाकावर बसलं. आतला गोरा साहेब कपाळ दाबत खाली उतरला. माझे सासरे गावचे पाटील. विमानाला माणसाचा हात लागला तर पाटीलकी जाईल, असं त्यांना खुणांनी आणि मोडक्या हिंदीत बजावून साहेब बैलगाडीने कर्जत स्टेशनाला गेला.

सासऱ्यांनी राखणीला वाडीवरचा एक कातकरी वेठीला धरला. मजुरी नाही, दोन वेळची भाकरी तेवढी आमच्या घरून. बिचारा बायकोला घेऊन विमानाच्या सावलीत बसायचा. गावातलं कोणी जवळ आलं की हात जोडून परत पाठवायचा. माणसांपासून त्याने ते यंत्र अगदी डोळ्यांत तेल घालून राखलं.

पण कापणीनंतर आमच्याकडे गुरं मोकाट सोडतात. कोणी राखत नाही, कोणी वळत नाही. त्यात माझी गाय होती. दहिवलीहून, माहेराहून आंदण आलेली. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि सासूबाईंना तीही सलायची. "खाते दोघींचं, देते वाटीभर," असं त्या मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या.

विमानाचे पंख लाकडाच्या काड्यांवर कापड ताणून केलेले. कापडाला कसलंसं रोगण, त्याला पिकल्या केळ्यांसारखा वास. तिसऱ्या दिवशी कातकरी मागीलदारी आला. "वैनी, तुजी गाय पंख चाटतंय. मी हाकलतो, ती फिरून येतंय. पाटलाच्या गायीला काठी कशी मारू?"

मी म्हटलं, बघते. बघितलं काहीच नाही.

पाचव्या दिवशी गाय गोठ्यात आली तेव्हा तिच्या तोंडातून वीतभर रुपेरी चिंधी लोंबत होती. मी ती ओढून काढली आणि कोणाच्या दृष्टीला पडायच्या आत चुलीत टाकली. भस्सकन असा जाळ उठला की माझ्या भुवया होरपळल्या. सासूबाईंनी विचारलं, तर फोडणी उडाली म्हणाले.

आठवड्याने साहेब मुंबईचा एक फिटर घेऊन परतला. डाव्या पंखाचं खालचं कापड अर्धंअधिक गायब, नुसत्या बरगड्या दिसत होत्या. साहेब एवढंच म्हणाला, "पाटील?" सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

आमच्याच अंगणात मारलं कातकऱ्याला, कापड चोरलं म्हणून. कासऱ्याने, दुहेरी करून. सासऱ्यांचा हात दुखला तेव्हा दिरांनी कासरा घेतला. तो ओरडत होता, "वैनीच्या गायीनं खाल्लं रं! वैनीला इचारा!" गायीवर आळ घेतो म्हणून आणखी बसले. मी दाराआड होते. दोन पावलं टाकली असती तर अंगणात होते. पण बोलले असते तर गाय दुसऱ्या दिवशी बाजारात गेली असती, आणि मला गाय हवी होती. अखेर तो म्हणाला, "कपडा मीच घेतला. लंगोटीला घेतला." मग थांबले.

फिटर चार दिवस आमच्या ओटीवर राहून पंख शिवत होता. त्याच्याकडे विमानाची वही होती. जन्मापासूनची सगळी दुखणी तिच्यात लिहिलेली. चहा पिता पिता तो सासऱ्यांना वाचून दाखवायचा. फ्रान्सच्या लढाईत स्वतःच्याच बंदुकीच्या गोळ्यांनी स्वतःचा नाकावरचा पंखा तोडून घेतला. दोनदा उलटलं. एकदा पेटलं, आतला साहेब पोळून मेला, यंत्र मात्र दुरुस्त झालं. लढाई संपल्यावर खोक्यात घालून इकडे आणलं, सरहद्दीवर पाठवलं, तिथे चाकं मोडली. आणि मग तो हसला. "हे बघा पाटील. फ्रान्समध्येसुद्धा एकदा गायींनी पंख खाल्लाय! या रोगणावर गुरं जीव टाकतात. तुमच्याकडेही तसंच झालेलं दिसतं."

सासऱ्यांनी बशीतला चहा संपवला. "असेल," म्हणाले. "पण दिलेला मार काय परत घेता येतो?" दोघेही हसले. मीच रिकाम्या कपबश्या उचलल्या.

विमान उडालं तेव्हा गावाने नारळ फोडला. गायीला काहीही झालं नाही, दूध उलट वाढलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी कातकऱ्याची बायको मोळी घेऊन मागीलदारी आली. मोळी टाकून खाली बसली. नवरा अंथरुणाला खिळलेला, थुंकीत रक्त पडत होतं.

"माज्याशी म्हनतो, मी नाय घेतला," ती म्हणाली. "तुमच्या म्होरं म्हनला, घेतला. राखनीला मीबी होते गं, पन दुपारची कंदमुळाला रानात जायची. तवा काय झालं, मला काय ठावं? आमाला सारी चोर म्हनतात. म्हनून माज्या बापानं कंदी कुनाची काडी उचलली नाय. चोराला मी पेज नाय पाजायची, भावाकडं जाईन साजगावाला. तू खोटं नाय बोलायचीस. सांग, त्यानं घेतला?"

घरात कोणी नव्हतं. सासूबाई देवळात, पुरुष खळ्यावर. खरं बोलायला मला कोणाचीही आडकाठी नव्हती.

"घेतला," मी म्हणाले.

ती उठली. मी सुपात तांदूळ आणले, ते तिने घेतले नाहीत. त्याच दिवशी ती साजगावला गेली. तो त्यानंतर तीन दिवस जगला, आणि त्याच्या खोपीत पाणी द्यायला कोणी नव्हतं.