परत आणलेलं दावं

आमच्या थोरल्या शेळीला खरूज झाली तेव्हा मी हिंगोलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. म्हणून असेल, जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर मायला सोडून मलाच बाजूला घेऊन सांगितलं, "खरजेचे किडे दाव्यात, पोत्यातसुद्धा राहतात. जाळा, नाहीतर उकळा. पाठ वेगळी बांधा. दोन आठवड्यांनी दुसरं इंजेक्शन. ताई, तुम्ही शिकलेल्या, लक्षात ठेवा."

पाठ म्हणजे तिचीच लेक, अजून एकदाही न व्यालेली. तिला मागच्या अंगणात नेलं. शेळीच्या अंगाखालचं पोतं जाळलं. दावं मात्र शेळीच्या गळ्यातच राहिलं.

दुसऱ्या इंजेक्शनाआधीच शेळीच्या अंगावर बारीक केस दिसू लागले. "बरी दिसून राहिली तवर इकू. पुन्हा चिघळली तर कोन घेईल?" माय म्हणाली. जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात तिनं शेळी विकली आणि दावं सोडून घरी आणलं. आमच्याकडे जनावर देतात, दावं देत नाहीत. दाव्यासोबत गोठ्याची बरकत जाते म्हणतात.

तेच दावं तिनं पाठीच्या गळ्यात बांधलं. आता तेवढंच एक जनावर उरलं होतं.

मी दारात उभी होते. बोलणारच होते. पण शेळी विकून आल्यापासून माय गप्प होती, आणि बरकतीच्या मधे मी कॉलेज कसं आणायचं? भीती वाटली असंही नाही. नुसतं अवघड वाटलं.

काही दिवसांनी पाठ भिंतीला मान घासू लागली. दाव्याच्या जागेवर केस गेले, खपल्या धरल्या. डॉक्टर पुन्हा आले.

"बाहेरचं जनावर आणलं?"

"न्हाई साहेब."

"मग खरूज काय उडत आली?"

मी दाव्याकडे बोट दाखवलं.

इंजेक्शन देऊन डॉक्टर गेल्यावर मायनं विचारलं, "तुला म्हायीत व्हतं?"

"व्हय."

"मंग काहून न्हाई बोललीस?"

"दावं जाळावं लागलं असतं."

"उकळता आलं असतं की! पानी तापवायला बरकत आडवी येते व्हय गं?"

तिनं चुलीवर डबा ठेवला, दावं त्यात सोडलं. लाकडानं ढवळत म्हणाली, "अजून काय म्हायीत हाय? समदं सांग."

मी सांगू लागले. गोठ्याला चुना लावायचा. हात साबणानं धुवायचे. दुसरं इंजेक्शन चुकवायचं नाही, नाहीतर खरूज परत येते, दुसऱ्या जनावरांनाही लागते.

ढवळणारा हात थांबला. "मंग थोरलीचं दुसरं ऱ्हायलंच की."

घेणाऱ्या माणसाला आम्ही खरजेचं सांगितलंच नव्हतं.

पुढच्या बाजाराला आम्ही दोघी त्याला शोधायला गेलो. बाजार उठेपर्यंत शेळ्यांच्या रांगांतून फिरलो. तो दिसला नाही. घरी आलो तर पाठ अजून मान घासत होती.