कोणते कोंते

फुटबॉल विश्वचषकाच्या वर्षी, मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी, दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या आमच्या घरात माझ्या सासऱ्यांनी एका इटालियन सरदार घराण्याचा इतिहास सांगितला. घराण्याचे विद्यमान वारस पाहुणे म्हणून समोर बसले होते. ते माझ्या बायकोच्या ऑफिसात स्टेडियमच्या दिव्यांचे इंजिनिअर होते. घराण्याची पदवी ‘कोंते’, म्हणजे साधारण आपल्याकडचे जहागीरदार. इटलीत आता तिला कायद्याने अर्थ नाही.

सासरे नाशिकच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. दोह्यात ज्याच्या त्याच्या तोंडी सामन्यांच्या तिकिटांची सोडत; त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. जाण्यापूर्वी इतिहासाचा एक पूर्ण तास घ्यायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. माहिती त्यांनी खुद्द पाहुण्यांकडून काढली होती. सासरे मराठीत बोलणार, बायको पाहुण्यांना इंग्रजीत सांगणार, असं ठरलं.

“पहिले कोंते लढाईत पडले,” सासऱ्यांनी सुरुवात केली.

“कोणते?” सासूबाईंनी स्वयंपाकघरात पुऱ्या तळता तळता विचारलं.

“कोंते.”

“अहो, तेच विचारतेय. कोणते?”

“पहिले.”

“पहिले कोणते?”

“हो.”

माझी मुलगी गालिच्यावर लोळू लागली. सासरे पुढे गेले. दुसरे कोंते सेनापती, पण घोड्याला घाबरत. लढाईला खेचरावर बसून गेले.

“विच वन, आजोबा?” मुलगी म्हणाली.

तिसऱ्यांनी एका गायिकेच्या सज्ज्यासमोर मनोरा बांधला. तिने घर बदललं. इथे बायकोलाच हसू आवरेना आणि भाषांतर बंद पडलं.

सासऱ्यांनी चष्मा काढला. “वर्ग शांत नसेल तर मी शिकवत नाही.”

बायकोने पाहुण्यांना हळू आवाजात ‘कोणते’चा अर्थ सांगितला. त्यांचे खांदे हलू लागले. कोकम सरबत पँटवर सांडलं. ग्लास खाली ठेवून त्यांनी हात वर केला.

“कोन्ते?” त्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि चष्मा लावला.

“चौथे. हात खाली घ्या.”

त्यानंतर प्रत्येक पिढीला पाहुण्यांचा हात वर गेला, मग मुलीचा, शेवटी झारा घेतलेला सासूबाईंचाही. सासरे नाव पुकारल्यासारखे एकेकाला बोलू देत होते. सहावे धर्मगुरू झाले, सातव्यांनी जुगारात द्राक्षमळा घालवला, आठव्या बाई होत्या आणि त्यांनी तो परत मिळवला.

अकरावे कोंते कतारमध्ये दिवे बसवतात, इथे सासरे थांबले. पुऱ्या गार झाल्या होत्या. तरी सगळ्या संपल्या.