धाप लागलेली बाई

काकांनी दुरुस्त केलेला स्पीकर पास की नापास, हे गेली अठरा वर्षं एकच बाई ठरवत आली होती. ती कोण, कुठली, कुठल्या भाषेत गाते, यातलं काकांना काही ठाऊक नव्हतं. एका सीडीवर तिसऱ्या नंबरच्या गाण्यात ती होती आणि गाताना श्वास घ्यायची. श्वास तर सगळेच गाणारे घेतात, पण चोरून. ही निम्मं गाणं श्वासातच म्हणायची.

स्पीकरचा फाटलेला कागदी पडदा बदलणं, त्यामागची तारेची गुंडाळी बरोबर मधोमध बसवणं, कडेला गोंद लावून दिवसभर वजनाखाली ठेवणं, हे सगळं हाताचं काम. ते नीट झालं का, हे मात्र कानच सांगणार. गुंडाळी केसभर कलली तरी बारीक खरखर येते. दणदणीत गाण्यात ती खपून जाते आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं, मग आठवड्याने भांडायला येतं. या बाईच्या श्वासात खरखरीला लपायला जागाच नव्हती. श्वास स्वच्छ आला की काका स्पीकरच्या पाठीवर खडूने बरोबरची खूण करायचे.

सीडी आली होती एका हॉटेलातून. तिथे मऊ कोचांची एक खोली होती, जेवायला आत जाण्याआधी लोकांनी टेकायची, आणि त्या खोलीत दिवसभर मंद आवाजात असली गाणी चालायची. तिथला प्लेअर दुरुस्तीला आला, आणि तो दुरुस्त होईपर्यंत हॉटेललाच कुलूप लागलं. न्यायला कोणी फिरकलं नाही. सीडी आतच राहिली होती.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काकांना वाटलं, हिला गायचंच नाहीये. मागे एक गिटार, कोणी तरी ड्रमवर झाडू फिरवल्यासारखं वाजवतंय, मधूनच एक जुनाट ऑर्गन, आणि ही आपली नुकतीच घरी येऊन चपला काढून बसल्यासारखी. सूर लांबवायचा नाही, वर चढायचं नाही, ऐकणाऱ्याने रडावं असा हट्ट नाही. दिवसभर ज्याच्या डोक्याशी दहा-दहा स्पीकर बोंबलतात आणि गिऱ्हाइकं 'अजून वाढवा, अजून वाढवा' म्हणतात, त्याच्या कानाशी येऊन कोणी असं काहीच न मागता पुटपुटलं तर त्याला बरं वाटणारच. शब्द कळत नव्हते, तेही एक सुखच होतं. कळले असते तर उत्तर द्यावं लागलं असतं. काकांना ती आवडायची, हे आपण सरळ सांगून टाकू. ते स्वतः 'टेस्टिंगला बरी पडते' यापलीकडे कधी गेले नाहीत.

"तुमची धाप लागलेली बाई," असं काकू तिला म्हणायच्या.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर. त्यामुळे दिवसातून दहा वेळा ही बाई काकूंच्याही माथी मारली जायची. "अहो, तिला कोणी तरी पाणी द्या," त्या आतून ओरडायच्या. एकदा म्हणाल्या, "ती काय म्हणतेय, सांगू? दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तीन जिने चढून आलीय. बेल वाजवायला हात मोकळा नाही, आणि आत नवरा बसलाय तो उठत नाहीये. तेच सांगतेय दारातनं."

काका हसले नाहीत. गाणं चालू असताना बोललेलं त्यांना खपत नसे. काकू बाजारातून येऊन पिशव्या टेकवायच्या, काही सांगायला तोंड उघडायच्या, की काका वळूनही न बघता डावा हात वर करायचे. थांब. काकू थांबायच्या. गाणं साडेतीन मिनिटांचं. ते संपेपर्यंत सांगायचं ते त्या विसरलेल्या असायच्या, नाही तर सांगण्यात राम राहिलेला नसायचा.

मग एका सोमवारी निवेदक आले. रेडिओवर तीस वर्षं बातम्या वाचून निवृत्त झालेला माणूस. साधं 'आहात का घरात?' म्हणाले तरी पुढे ठळक बातम्या येतील असं वाटायचं. त्यांच्याकडे लाकडी खोक्यांची स्पीकरची जोडी होती. त्यातला डावा घरघरत होता. तेवढा बघायचा होता.

काकांचं गाणं चालूच होतं. निवेदकांनी मान कलती करून ऐकलं.

"फ्रेंच आहे. पण वाटते तेवढी जुनी नाही हं ही. वीसेक वर्षांमागची पोरगी असेल. मुद्दाम आजीच्या काळातल्यासारखं गातात, वाद्यं तशीच, रेकॉर्डिंगही तसंच."

काकांना क्षणभर फसवल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं ते तिला आपल्या वयाची समजत होते. मग वाटलं, आपण तरी दुसरं काय करतो? नवा गोंद लावून जुनाच आवाज आणतो.

"पण एवढं मोठ्याने काय लावलंय?" निवेदक जाता जाता म्हणाले. "हे कुजबुजीचं गाणं आहे."

"तेच म्हणते मी," पडद्यामागून काकू म्हणाल्या. "हल्ली ओरडायला लागलीय ती."

मंगळवारी काकांनी डाव्या स्पीकरचा पडदा बदलला, बुधवारी गाणं लावलं. गिटार आली, ऑर्गन आला, बाईही आली. श्वास येईना. दोन ओळींच्या मधली जागा मोकळीच. काकांनी स्पीकर पुन्हा उघडला, गुंडाळी पुन्हा बसवली. श्वास नाही. मग उजवा लावून बघितला, ज्याला काहीच झालं नव्हतं. त्यातही नाही. म्हणजे बारीक आवाज काढणारे छोटे स्पीकर दोन्हीकडचे गेले, असं काकांनी ठरवलं. दोन्ही काढून टाकले आणि नवे, दुप्पट ताकदीचे बसवले. तरी ती बाई श्वास घेईना. बुधवार असा गेला. काकांना जेवणही गोड लागलं नाही.

गुरुवारी निवेदकांनी स्वतःची सीडी लावून अर्धा मिनिट ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, हे काय केलंत? सुया टोचताहेत कानात. माझा स्पीकर नाही हा."

"तुमचे छोटे स्पीकर गेले होते. दोन्ही," काका म्हणाले. आपलंच गाणं त्यांनी लावलं. "हे बघा. एवढे नवे टाकले, तरी हिचा श्वास काही येत नाही. बहुतेक माझी सीडीच खराब झालीय."

निवेदक स्पीकरकडून काकांकडे वळले. "येतोय की," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता त्यांचा. "चांगला ढळढळीत येतोय."

काकांनी पडद्याकडे बघितलं. काकू तिथे उभ्या होत्या, हातात ओलं फडकं.

"येतोय हो," काकू म्हणाल्या.

काकांचा चेहरा पडला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्पीकरमधले दोष सांगितले, त्याच्याबद्दल आता भर दुकानात दोघांचं एकमत झालं होतं. निवेदक भला माणूस. रागावले नाहीत. "माझे जुने परत बसवा, मी पुढच्या गुरुवारी येतो," म्हणाले, आणि दारातून वळून, "कान दाखवून या एकदा," एवढं म्हणून गेले.

डॉक्टरांकडची कान तपासायची खोली जेमतेम कपाटाएवढी होती. तिथल्या मुलीने काकांच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "बीप ऐकू आली की दाबायचं." सुरुवातीला जाडजाड बीप आल्या, काकांनी भराभर दाबलं. मग शांतता. काका बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसले. बरीच वाट बघितली. मुलगी काचेपलीकडे मान खाली घालून काही लिहीत होती. मग तिने दार उघडलं.

"झालं, काका."

"बारीक आवाजांचं कधी सुरू करताय?"

"ते पण झालं," मुलगी म्हणाली.

घरी येऊन काका स्टुलावर बसले. फळीवर अकरा स्पीकर उघडे पडले होते. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणतात बोलणं ऐकू येईल. बारीक आवाज गेले ते गेले. निवेदकांचे तेवढे बसवून देतो आणि दुकान बंद करतो. खूण कशाच्या जोरावर करू आता?"

"हात गेलेत का तुमचे?"

"हातांनी ऐकतात का?"

काकूंनी फडक्याला हात पुसले, कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढलं आणि हाश्श करून काकांशेजारी बसल्या. "बसवा जुने. आणि लावा तिला."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"अठरा वर्षं पडद्यामागे काय कानात कापूस घालून बसले होते मी?"

काकांनी जुने छोटे स्पीकर बसवले, उजवा आधी लावला. काकूंनी त्यांच्या मनगटावर दोन बोटं अधांतरी धरली. पहिली ओळ संपली आणि श्वासाच्या जागी बोटं टेकली. तिथेच. दुसरी ओळ, बोटं पुन्हा टेकली. तिसऱ्या ओळीच्या मध्येच बाई एक छोटा, घाईचा श्वास घ्यायची, तो काका सोडून कोणालाच माहीत नसेल असं काकांना वाटत होतं. तोही काकूंनी धरला. गाणं संपलं तेव्हा एकही सुटला नव्हता.

"डावा लावा."

डाव्याच्या चौथ्या ओळीला काकूंनी नाक मुरडलं. "इथे घासतंय काही तरी. भातात खडा लागल्यासारखं."

काकांनी स्पीकर उघडला. गुंडाळी खरंच कललेली होती, बुधवारच्या घाईत. ती सोडवली, चहूबाजूंनी कागदाच्या पट्ट्या घालून मधोमध आणली आणि तात्पुरती अडकवून पुन्हा लावली. आता बोटं बरोबर पडत होती. काका डोळे मिटून मोजत होते. त्यांना बाई ऐकू येत होती आणि तिचा श्वास मनगटावर लागत होता. हायसं वाटलं त्यांना. दुकान चालेल, असं आठवड्यात पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या कडव्यानंतर नुसती गिटार होती. तिथे बोटं टेकली.

काकांनी डोळे उघडले. "इथे नसतो."

"काय?"

"श्वास. इथे ती घेतच नाही."

काकू ओशाळून हसल्या. "तो तिचा नव्हता. माझा होता. मोजायच्या नादात तोही मोजला. सकाळपासनं उभी आहे ना."

काकांनी बायकोकडे बघितलं. कानामागचे पांढरे केस, घामाने चिकटलेले. एका हाताची बोटं त्यांच्या मनगटावर, दुसरा हात गुडघ्यावर दाबून धरलेला. त्यांना फार वाईट वाटलं. हॉटेलातल्या सीडीवरच्या परक्या बाईचा श्वास न् श्वास त्यांना पाठ होता. हिचा शेवटचा कधी ऐकला, हे आठवेना. आणि आता तो ऐकू येणार नव्हता.

काकू काही बोलायला लागल्या. काकांचा डावा हात सवयीने वर गेला. अर्ध्यात त्यांचं त्यांनाच दिसलं. तो हात खाली आणून त्यांनी गाणं बंद केलं.

"बोल," ते म्हणाले. "जरा मोठ्याने बोल."

बंद गाण्यासमोर बोलायची सवय कुठे होती काकूंना?

"काही नाही हो," त्या म्हणाल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "गुडघा दुखतो माझा."

"कधीपासून?"

"झाली की चार वर्षं."